शंभर सेकंदांची चादर : एका विज्ञानकथेचा प्रकरण अभ्यास

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा संपून आठवडा झाला होता. रविवारी सकाळी आमच्या घरी पाच-सहा लिहिणारी माणसं जमतात. त्या दिवशी त्यांच्यात एक नवी मुलगी आली. वय २४, बी.एस्सी. झालेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. घर अशोक चौकाच्या पलीकडे. घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी माध्यमाची. वडील यंत्रमागावर, आई घरी बिड्या वळते. तिनं पिशवीतून दोन वह्या आणि एक पाकीट काढलं. पाकिटात एका दिवाळी अंकाकडून साभार परत आलेली कथा होती.

"सर, का परत आली ते कळंना. तेवढं सांगा."

पुढच्या दहा महिन्यांत तिची एक विज्ञानकथा छापून आली. त्या दहा महिन्यांची ही नोंद तिच्या परवानगीनं लिहितो आहे, तिचं नाव मात्र देत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि अधूनमधून विज्ञानकथा लिहिल्या. नवे लेखक मला विचारतात, कल्पना सुचते कशी? सुचल्यावर तिचं काय करायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. या प्रकरणात मला जे पाहायला मिळालं ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

परत आलेली कथा सात हजार शब्दांची होती. साल २३५०, एक अवकाशयान, एक कॅप्टन, प्रॉक्झिमा सेंटॉरीभोवतीचा एक ग्रह. यानावर संकट येतं, कॅप्टन पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञाशी बोलतो, तो उपाय सांगतो, संकट टळतं. पहिली चूक सरळ भौतिकशास्त्राची होती. प्रॉक्झिमा आपल्यापासून सव्वाचार प्रकाशवर्षं लांब आहे. तिथून "हॅलो" म्हटलं तर ते इथं सव्वाचार वर्षांनी ऐकू येणार आणि उत्तर पोचायला तेवढाच काळ लागणार. तिला हे माहीत होतं, परीक्षेत तिनं हे लिहिलंही असतं. कथा लिहिताना मात्र ते बाजूला राहिलं, कारण तिला संवाद हवा होता. मी म्हटलं, साडेआठ वर्षांनी उत्तर मिळणार असेल तर माणूस काय विचारेल? कथा तर तिथंच आहे, आणि तू तीच पुसून टाकलीस.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. त्या सात हजार शब्दांत कुणी जेवत नव्हतं. कुणाकडे पैसे कमी नव्हते, कुणी कुणाला अक्का, मामा, काकू म्हणत नव्हतं. यानावर ४० माणसं होती आणि एकाचीही आई नव्हती.

दुसऱ्या वहीत एक अद्भुतकथा होती. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यात वाकून पाहिलं की माणसाला स्वतःचा गेलेला दिवस दिसतो. सुरुवात सुंदर होती. पहाटेचं धुकं, भुईकोट किल्ल्याच्या भिंतीची पाण्यातली सावली आणि पाहणाऱ्या बाईच्या हातातली रिकामी घागर. पण आठव्या पानावर तेच पाणी आजार बरे करायला लागलं आणि अकराव्या पानावर पुढचंही दाखवायला लागलं. जादू सगळंच करायला लागली की वाचकाला काळजी उरत नाही. अद्भुतकथेतही नियम लागतो, आणि मला तर वाटतं तिथं तो जास्त कडक लागतो, कारण तिथं लेखकाला अडवायला निसर्ग नसतो. ती कथा आम्ही बाजूला ठेवली. ती अजून बाजूलाच आहे, आणि मला तिची आठवण येते.

मग मी तिला एक साधं काम दिलं. जी गोष्ट हातानं करताना तू रोज पाहिली आहेस, तिच्यावर एक पान लिही. कल्पना नको, नुसतं वर्णन.

तिनं वडिलांच्या कारखान्यातल्या जॅकार्डवर लिहिलं. मागाच्या वर बसवलेलं ते यंत्र, त्यातून फिरणारी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. भोक असेल तिथला हुक उचलला जातो, त्याच्याबरोबर उभा धागा उचलला जातो, खालून आडवा धागा घेऊन धोटा जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. एका पुठ्ठ्यावर एक आडवा धागा. लहानपणी एकदा वडिलांनी तिला एक चादर दाखवली होती. नक्षीतल्या मोराच्या डोळ्याजवळ एक ठिपका चुकीचा होता. पुठ्ठ्यात एक भोक चुकीचं पडलं होतं आणि तो मोर तशाच डोळ्यानं शेकडो चादरींवर गेला होता.

पान वाचून मी तिला जॅकार्डचा इतिहास सांगितला. फ्रान्सच्या लिआँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास आणलं. पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची हीच कल्पना घेतली. एडा लव्हलेसनं १८४३ साली लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य. तुझे वडील आयुष्यभर शून्य-एकच विणत आले आहेत.

पुढच्या रविवारी ती लॅबच्या कोऱ्या फॉर्मच्या मागं हिशेब करून आली. तो हिशेब मी जपून ठेवला आहे. ४०० हुकांचं जॅकार्ड धरलं तर एका पुठ्ठ्यावर ४०० बिट, म्हणजे ४०० शून्य-एक. पुरी चादर लांबीत नक्षी पुन्हा न आणता विणायची म्हटलं तर साधारण २,००० आडवे धागे. म्हणजे ८,००,००० बिट. फोनवरचा आवाज दाबून पाठवायची जी.७२९ नावाची एक प्रमाणित पद्धत आहे, तिला सेकंदाला ८,००० बिट लागतात. ८,००,००० भागिले ८,००० बरोबर १००.

"सर, एका चादरीत शंभर सेकंदांचा आवाज मावतो."

खोलीत कुणी बोललं नाही. त्या पद्धतीत आवाजाचे दहा-दहा मिलिसेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला ८० बिट लागतात. म्हणजे एका आडव्या धाग्यात पाच तुकडे, सेकंदाचा विसावा भाग. एक धागा तुटला तर तेवढाच आवाज जाईल. इतकी चपखल बसणारी कल्पना माझ्या हयातीत मला सुचलेली नाही.

पण मला इथं थांबून एक सांगायचं आहे. त्या रविवारी तिच्याकडे कल्पना होती, कथा नव्हती. तिथून कथेपर्यंत यायला पाच महिने लागले.

पहिल्या खर्ड्यात एक मागवाला आपल्या गेलेल्या बायकोचा आवाज चादरीत विणतो. घरात तिचं एकच रेकॉर्डिंग उरलेलं असतं. मी विचारलं, पेन ड्राइव्हवर का नाही ठेवत? हा प्रश्न कुठलाही चांगला वाचक पहिल्या पानावर विचारणार. तिनं सूर्यावरचं वादळ आणलं. १८५९ च्या सप्टेंबरात असं एक वादळ खरंच आलं होतं आणि तारायंत्रं बंद पडली होती. तिच्या कथेतल्या वादळात जगातल्या सगळ्या संगणकांची स्मृती पुसली जाते. शास्त्र म्हणून ताणलं तर चालण्यासारखं होतं, पण कथा म्हणून मला ते पटेना. एका घरातली एक चादर महत्त्वाची ठरावी म्हणून आख्खं आकाश मोडायचं?

तीन आठवडे ती अडकून राहिली. मग एक परिच्छेद लिहून आली. घरात चार मोबाइल बदलले, प्रत्येक वेळी फोटो गेले. लग्नातली चादर मात्र अजून ट्रंकेत आहे. बाप म्हणतो, मला जे टिकवता येतं त्यात ठेवतो. वादळ गेलं आणि कथा एकदम माणसाच्या उंचीची झाली. विज्ञानकथेत कारण मोठं असावं लागत नाही, त्या माणसाला पुरेसं असावं लागतं.

त्या आवाजात काय आहे, हा पुढचा अडसर. खर्ड्यात आई शंभर सेकंद मुलांना उपदेश करत होती. मरणाऱ्या आईचं भाषण. बैठकीतल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला कशाला माहीत असेल?" पुढच्या खर्ड्यात आई नळाला पाणी आलं म्हणून सगळ्यांना उठवत होती. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात त्या हाकेत काय असतं ते सोलापूरकराला सांगावं लागत नाही. बादल्यांचा आवाज, पिंप सरकवल्याचा आवाज, आणि मध्येच तिची हाक: "नीळ्ळु वच्चिनाय, ले!" मुलाचा फोन चुकून चालू राहिलेला. ती ओळ तिनं तेलुगूतच ठेवली, अर्थ दिला नाही. पिंप आणि बादल्या असताना अर्थ द्यायची गरज नव्हती.

भाषेचा प्रश्न इथूनच निघाला. आधी तिची पात्रं पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलत. भाऊ भावाला म्हणे, "तू हे काय करीत आहेस?" मी विचारलं, तुझ्या गल्लीत असं कोण बोलतं? ती म्हणाली, "पण सर, पुण्या-मुंबईच्या संपादकाला 'काय करालास बे' कळंल का?" तिच्या मनात एक भीती होती. घरची भाषा तेलुगू, त्यामुळे आपलं मराठी कुणीतरी तपासणार आणि चूक दाखवणार. म्हणून ती गरजेपेक्षा जास्त शुद्ध लिहीत होती. आम्ही ठरवलं की निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं, बोलणं सोलापुरात ठेवायचं, आणि तेही मोजकं. प्रत्येक शब्द उच्चाराबरहुकूम लिहिला तर बाहेरचा वाचक दमतो. एक 'बे', एक 'की' योग्य जागी पडला की कान बाकीचं ऐकून घेतो.

कथेला खरं वळण दिलं ते एका काकांनी. त्यांनी आयुष्यभर चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे तयार केले होते. मुलीच्या वडिलांची ओळख निघाली म्हणून आम्ही त्यांना कथा वाचून दाखवायला गेलो. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि चहा घेत त्यांनी सगळं ऐकलं. मग तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, मनाला येतील तशी भोकं पाडली तर धागे लांबच लांब मोकळे राहतील, बोटं अडकतील, कापड टिकणार नाही. यावर उपाय त्यांनीच दिला. दुहेरी वीण धर. भोक असो वा नसो, दोन्ही रंगांचे थर बांधलेलेच राहतात, फक्त वर कुठला रंग येतो ते बदलतं. दुसरी, एवढ्या पुठ्ठ्यांची माळ टांगायला कारखान्याचं छप्पर पुरायचं नाही. हे तिनं कथेत जसंच्या तसं घेतलं. बाप छताला जास्तीचे बांबू बांधतो. हातानं एक पुठ्ठा पाडायला पाव तास धरला तर २,००० पुठ्ठ्यांना ५०० तास, रोज रात्री दोन तास बसला तरी २५० रात्री. या आठ महिन्यांतच घरात पोरांची भांडणं वाढतात. हिशेबानंच कथेला काळ दिला.

तिसरी गोष्ट त्यांनी उठता उठता विचारली. "पन्ह्यात नक्षी किती वेळा येते ते लिवलंय का?"

ती गप्प झाली. ४०० हुकांची नक्षी चादरीच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, एकदाच येत नाही. एकच हुक ठरावीक अंतरावर बसवलेल्या अनेक धाग्यांना उचलतो, म्हणून तीच नक्षी शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा येते. तिच्या कथेत चार वेळा. म्हणजे आवाज चादरीत एकदा नव्हे, चार वेळा विणला गेला होता, चार उभ्या पट्ट्यांत. एका पट्टीला कसर लागली तर शेजारची वाचता येईल.

परतताना कंबर तलावाजवळ तिनं गाडी थांबवायला लावली आणि कथेचा शेवट सांगितला. तोवरच्या शेवटात बाप गेल्यावर दोन भाऊ चादरीसाठी भांडतात आणि कुणीतरी मोठा डॉक्टर येऊन समजूत घालतो. आता असं झालं. दोन भाऊ, एक अक्का. वाटण्या चालल्यात, भांडी झाली, खोल्या झाल्या, चादर उरली. भाऊ म्हणतो, "मधून फाड की बे, त्यात काय?" मधून आडवी फाडली तर एकाकडं पहिले पन्नास सेकंद जातील, दुसऱ्याकडं शेवटचे पन्नास. उभी कापली तर प्रत्येकाकडं आख्खी आई येईल. अक्का कात्री घेते, जमिनीवर पसरलेली चादर ओढून आपल्यासमोर उभी फिरवते. कथा तिथं संपते.

या शेवटात शास्त्र आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. जॅकार्ड कसं चालतं ते ठाऊक नसेल तर हा शेवट सुचणारच नाही, आणि वाटणीच्या वेळी घरात काय होतं ते ठाऊक नसेल तर त्याला अर्थ नाही. विज्ञानकथेकडून माझी एवढीच अपेक्षा असते, आणि ती फार क्वचित पुरी होते.

आता छापण्याकडे येतो. इथं एक चूक माझी होती. एप्रिलमध्ये तिनं कथेचा दुसरा खर्डा मोबाइलवरच्या एका कथांच्या ॲपवर टाकला. वाचकांनी "छान", "पुढचा भाग कधी" असं लिहिलं, ती खुश झाली. दिवाळी अंकांना कथा अप्रकाशित लागते आणि अशा ठिकाणी टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशितच धरतात, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. मी गृहीत धरलं की तिला माहीत असेल. जूनमध्ये हे लक्षात आलं. तिनं खर्डा काढून टाकला आणि विचारलं, सांगायचंच नाही का? मी म्हटलं, सांगायचं, पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात सांगायचं.

नावाबद्दलही तिनं विचारलं. आडनाव बदलून पाठवू का? तेव्हा मी तिला जयंत नारळीकरांची हकिगत सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथा नावाशिवाय उभी राहते, हे त्यातून दिसतं. पण बोलता बोलता मलाच जाणवलं की तिचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी झाकलं ते मोठं नाव होतं. तिला झाकायचं होतं ते आपल्याआड येईल असं तिला वाटणारं नाव. त्याचं नीट उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तिनं एक रात्र विचार केला आणि स्वतःच्या नावानंच पाठवली.

पहिल्या संपादकांनी ॲपचं कारण देऊन दोन ओळींत नकार कळवला. दुसरीकडे आधी वेगळीच अडचण आली. कथा तिनं एका डीटीपी सेंटरमध्ये जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतली होती. तिकडे फाइल उघडली तर नुसती चिन्हं. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करण्यात चार रात्री गेल्या. तेव्हापासून ती मोबाइलवर थेट युनिकोडमध्येच लिहिते. ऑगस्टमध्ये फोन आला. शेवट आणि मधला भाग ॲपवरच्या खर्ड्यापेक्षा पूर्ण वेगळा आहे, म्हणून कथा घेतो, पण ६,२०० शब्दांची आहे ती ४,५०० वर आणा.

१,७०० शब्द कापायचे म्हटल्यावर तिला रडू आलं. मग तिनं एक वेगळंच माप काढलं. युनिकोडच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे चादरीत एक लाख बाइट मावतात. ६,२०० शब्दांची कथा चादरीत बसत नव्हती, ४,५०० ची बसत होती. "सर, कथा चादरीत मावली पाहिजे," असं म्हणून तिनं कापायला घेतलं. सर्वात आधी जॅकार्ड, बॅबेज आणि लव्हलेसची दोन पानं गेली. मी सांगितलेली सगळी माहिती तिनं एका प्राध्यापकाच्या तोंडी घातली होती. त्याच्यासकट ती गेली आणि कथेतून काहीच गेलं नाही. मराठी विज्ञानकथेत शास्त्रज्ञाचं व्याख्यान हा जुना आजार आहे, माझ्या स्वतःच्या कथांतही तो आहे. वाचकाला यंत्र समजावं लागतं, पण ते बापाच्या हातांकडे बघत समजावं. राहिलेली काटछाट सूर्योदयाच्या वर्णनात आणि डॉक्टरच्या उरल्यासुरल्या वाक्यांत भागली.

अंक आल्यावर महिन्याभरात एका प्रकाशकाचा फोन आला. संग्रह काढू, खर्चातला वाटा तुम्ही उचला, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे, पैसे वेगळे. ही मागणी ऐकून मला वाईट वाटलं. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. हक्कांचंही मी तिला समजावलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. म्हणून सही करण्याआधी या दोन जागा रिकाम्या आहेत का, तिथं काय लिहिलंय, ते बघायचं. तिनं प्रकाशकाला नम्रपणे नाही कळवलं. तिच्याकडे तेव्हा छापण्याजोग्या कथा होत्याच दोन.

मानधनातून टायपिंगचे आणि झेरॉक्सचे पैसे निघाले. दोन अंक पोस्टानं आले. एक तिनं जॅकार्डवाल्या काकांना दिला, दुसरा घरी नेला.

आईला मराठी वाचता येत नाही. म्हणून तिनं एका संध्याकाळी आईशेजारी बसून कथा तेलुगूत सांगितली. आईच्या मांडीवर सूप होतं, पानं कापून झाली होती, हात चालूच होते. नळाच्या हाकेपाशी आई हसली म्हणे, पुढं काही बोलली नाही. शेवट झाल्यावर आईनं बिडीला दोरा बांधला आणि विचारलं, "पन्ह्यात चार वेळा आली ना? आणि पोरं तीन. मग चौथी पट्टी कुणाकडं गेली?"

तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या नाही, बैठकीतल्या कुणाच्या नाही, संपादकांच्याही नाही. पुढच्या रविवारी ती आली ती नवी वही घेऊन. पहिल्या पानावर वरच्या बाजूला फक्त लिहिलं होतं, 'चौथी पट्टी', आणि खाली बराच मोठा हिशेब होता.